अडलेली एक फाइल

लॅपटॉपही म्हातारे होतात हे लोकांना नुकतंच कळू लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. इंदुताईंच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क खडखडू लागली. दुरुस्तीवाल्या मोकाशींनी नवी डिस्क जोडून तिच्यावर सगळं उतरवायला घेतलं. सगळं आलं, एकच फाइल अडली.

“इथंच का अडखळता, आजी?” नव्या डिस्कने विचारलं.

“ती जागा खराब झालीय. सोड ती.”

“पण आहे काय तिथं?”

जुनीने ती फाइल इतकी वर्षं सांभाळली होती, ऐकली कधीच नव्हती. आता ती सावकाश फिरली. इंदुताईंच्या वारलेल्या आईचा आवाज आला, “इंदे, जेवायला ये...”

“पुढे?”

जुनी पुन्हा फिरली. पुन्हा. दहाव्यांदा शेवटचा “गं” नवीकडे पोचला, आणि जुनीची खडखड कायमची थांबली.