चालत आलेली घाणेरी

फार जुनी गोष्ट. तेव्हा मी नव्हतो, म्हणून थापा मारायला मोकळा आहे.

एका बिबट्याचा वास आला, की भेकरं लांबूनच पळायची. कोल्हा म्हणाला, "बिबटेराव, अंगाला घाणेरीचा पाला चोळा. उग्र वासाखाली तुमचा वास झाकला, की शिकार तुमची. उरलेली हाडं तेवढी माझी."

बिबट्यानं शेपटीपर्यंत पाला चोळला आणि वारा कुठला आहे हे न बघताच पाणवठ्याकडं निघाला.

तिथं भेकरी आणि तिचं पाडस पाणी पीत होती.

"आई, घाणेरीचा वास येतोय."

"येऊ दे. टेकडीवर माजलीय ती."

"आई, वास जवळ येतोय गं."

भेकरी जागीच थिजली. झुडपाला कुठं पाय असतात? "पळ!" ती भुंकली, आणि दोघं रानात गडप झाली.

संध्याकाळी कोल्हा बिळाच्या तोंडाशी हाडांची वाट बघत पडला होता. वाऱ्यावर घाणेरीचा वास आला.

"वा! औषध लागू पडलं म्हणायचं," तो शेपूट हलवत म्हणाला.

वास अगदी जवळ आला. त्यात रक्ताचा वास मात्र कुठंच नव्हता. बिबटेराव उपाशीपोटीच आले होते.