उपरण्याखालचा भाव

"शंभर मोहरांना एक वाटा म्हणजे फुकटच!" प्रधान म्हणाले.

"फुकट? ही तर लूट आहे!" सेनापती गरजले.

"काल मलाही लूटच वाटली होती," खजिनदार म्हणाले, "पण आज भाव आणखी चढला, तेव्हा स्वस्त वाटायला लागलाय."

कळंबपूरच्या दरबारात सकाळपासून हेच चाललं होतं. खांबाला टेकून सगुणा ऐकत होती. गुरांच्या बाजारात सौदे जुळवणाऱ्या केरबा दलालाची ही लेक. बाप तापाने फणफणलेला, म्हणून त्याचं उपरणं खांद्यावर टाकून तीच गाऱ्हाणं घेऊन आली होती. गाऱ्हाणं एवढंच की गुरांच्या बाजाराचं मैदान जाऊ देऊ नका.

ते मैदान हवं होतं नरहरशेठना. शेठची घरपोच पेढी साऱ्या मुलखात गाजत होती. लोकांनी कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधावी, की दुसऱ्या दिवशी सुईपासून नांगरापर्यंत काहीही दारात हजर! पेढीने आजवर नफ्याची दमडी कुणाला वाटली नव्हती, तरी तिच्या मालकीच्या एकेका वाट्याचा भाव चढतच होता. आता शेठना मैदानावर कोठारं बांधायची होती, आणि मोबदल्यात ते महाराजांना मोहरा नव्हे, पेढीचे हजार वाटे द्यायला निघाले होते. नमुन्याच्या एका वाट्याचा कागद तर महाराजांच्या मांडीवर चांदीच्या तबकात येऊन पडलाही होता.

"स्वस्त!"

"महाग!"

"बस्स!" रणधवल महाराजांनी कपाळ धरलं. "डोकं उठवलंत माझं! आता या वाट्याच्या भावाबद्दल जो एक शब्द काढील, त्याच्या मिशा उतरवीन!"

तेवढ्यात खांबाकडून आवाज आला, "महाराज, मला मिशा नाहीत. मी बोलू का?"

महाराजांचे ओठ हलले, पण त्यांनी हसू गिळलं. "कोण गं तू?"

"केरबा दलालाची सगुणा. वाट्याचा खरा भाव कळल्याशिवाय मैदान देऊ नका, महाराज."

"अस्सं! मग तूच काढून दे तो भाव. पण याच शहाण्यांकडून काढायचा. आणि यांनी तोंड उघडायचं नाही, लिहायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. दिवस मावळेपर्यंत जमलं तर मैदान तुमचं. नाही जमलं, तर शेठचं!"

शेठ गालातल्या गालात हसले. सगुणाने खांद्यावरचं उपरणं झटकलं.

"दिवस कशाला मावळायला हवा, महाराज? आमच्या बाजारात बैलाचा भाव कुणी ओरडत नाही. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात घालतात नि बोटं दाबून सौदा करतात. दोन बोटं दाबली काय नि चार दाबली काय, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. आज विकणारे तुम्ही. तबकातला वाटा हा आपला बैल!"

महाराजांना गंमत वाटली. त्यांनी हात पुढे केला. सगुणाने त्यावर उपरणं पसरलं आणि दरबाराकडे वळून म्हणाली, "एक बोट म्हणजे दहा मोहरा. पंजा दाबून पुन्हा पंजा दाबला की झाल्या शंभर. जो जास्त दाबेल त्याला वाटा मिळेल, पण मोहरा स्वतःच्या घरातून आणायच्या, आजच्या आज. आणि हा वाटा परत कुणाला विकता येणार नाही. बैल औताला जुंपायला घ्यायचाय, पुढच्या बाजारात उभा करायला नाही!"

प्रधान ऐटीत पुढे निघाले. शेवटची अट आठवून त्यांची पावलं जरा मंदावली. उपरण्याखाली त्यांचा हात गेला, आणि महाराजांच्या भुवया वर चढल्या. दोन बोटं! खजिनदारांनी एकच दाबलं, तेही इतकं हळू, की महाराजांना गुदगुल्या झाल्या. सेनापतींनी तर अर्धंच बोट चिमटीत धरलं.

"प्रधानजी!" महाराज ओरडले. "सकाळी शंभरला फुकट म्हणत होतात ना?"

प्रधानांनी दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

"त्यांचं खोटं नव्हतं, महाराज," सगुणा म्हणाली. "उद्या कुणीतरी एकशेवीसला घेईल, या भरवशावर शंभर स्वस्तच की! तो कुणीतरी मी अटीतून काढून टाकला."

नरहरशेठ पुढे सरसावले. "महाराज, घेणारा नेहमी कमीच भाव करतो! त्यात काय एवढं?"

"खरं आहे, शेठजी," सगुणा म्हणाली. "म्हणून तुम्हाला वाटा घ्यायला सांगतच नाही. तुमच्या मते शंभर मोहरा आणि एक वाटा सारखेच ना? मग वाटे राहू द्या तुमच्याकडे, मैदानाला हजार वाट्यांच्या लाख मोहरा द्या. कबूल असेल तर महाराजांचं एक बोट दाबा. एकच!"

शेठचा हात उपरण्याखाली गेला. दरबार श्वास रोखून बघत होता. शेठच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तिथे लोंबला, टपकला.

"पोरी," महाराज म्हणाले, "हाताला काहीच लागत नाही गं!"

"मग तोच भाव, महाराज!"

महाराज आधी खुदखुदले, मग खदखदले, आणि मग असे हसले की तबकातला वाटा उडून शेठच्या पायाशी पडला. "उचला शेठजी तुमचा बैल! मैदान गुरांचंच राहील! आणि सगुणे, तुला काय बक्षीस हवं ते माग."

सगुणाने उपरणं पुन्हा पसरलं आणि महाराजांचा अख्खा पंजा गच्च दाबला.

"पाच बोटं! अगं, दहाचा हिशेब वाट्यापुरता होता, पण बक्षिसाच्या एका बोटाला किती, ते ठरवलंच नाहीस!"

"ते मी कसं ठरवू? देणारे तुम्ही, महाराज. तुमचं बोट कितीचं ते तुम्हीच सांगा. भर दरबारात!"

महाराजांनी एकदा दरबाराकडे पाहिलं, एकदा आपल्या बोटाकडे, आणि पुन्हा हसत सुटले.

"फसवलंस मला! खजिनदार, एका बोटाला शंभर! मोजा पाचशे मोहरा... आणि बोला आता, मिशा माफ!"