विस्तव आणि वनजा

“आता उरली कोण, धाकटी? अगं, तिची सावलीसुद्धा कंटाळून पुढे निघून जाते!”

एका राज्यात, तीन वर्षं न पेटलेल्या मुदपाकखान्यात आत्याबाई हे दासीला सांगत होत्या आणि दाराआड नवी सून वनजा ऐकत होती. बोलणं तिचा स्वभावच नव्हता.

त्या राजघराण्याला एका मांत्रिकाचा शाप होता; वाड्यात चूल पेटत नव्हती. वनजाचा नवरा, धाकटा राजपुत्र रविकेतू, पायांकडून दगड होत चालला होता. दगड गुडघ्यापर्यंत आला होता. तिसऱ्या अमावास्येच्या सूर्यास्ताला काळजाला भिडणार होता. उतारा एकच. घरातल्या कुणीतरी तीन कोसांवरच्या डोंगरावरून विस्तव आणायचा. विस्तव हाती घेतल्यावर थांबायचं नाही, चालायचं नाही, पळतच यायचं. आणि उंबरठ्याशी येऊन अग्नीला स्वच्छ शब्दांत आत बोलवायचं. चुकला तो दगड.

दोघे थोरले दीर घोड्यासारखे धावणारे. मधले अर्ध्या वाटेवर छाती धरून दगड झाले. थोरले तर वाऱ्यासारखे दारापर्यंत आले, पण शब्दापुरता श्वास उरला नाही. ते अजून पायरीवरच उभे होते, तोंड उघडं ठेवून. येणारे-जाणारे त्यांना नमस्कार करून वळसा घालत.

वनजा पहाटे एकटीच पळाली. शंभर पावलांत तिचा ऊर फुटायला आला.

बांधावरची टिटवी म्हणाली, “कुणाला हरवायला निघालीस?”

“कुणालाच नाही.”

“मग एवढी घाई? पळताना माझ्याशी बोलता येईल, एवढंच पळ. बोलणं तुटलं की चाल.”

“मला बोलता येत नाही फारसं.”

“मग दोन्ही शीक.”

टिटवीनं तिला तीन पल्ले नेमून दिले. पहिल्या महिन्यात विहिरीपर्यंत, थोडं पळत, थोडं चालत. दुसऱ्यात आमराईपर्यंत, न थांबता. तिसऱ्यात डोंगराच्या पायथ्याशी जाऊन परत. वनजा पळे आणि टिटवीला सासरच्या गोष्टी सांगे. टिटवीची करमणूक झाली.

पण दगड कमरेवर चढला, मग छातीला लागला. रविकेतूचा आवाज बारीक झाला. एके सकाळी वनजानं जीव तोडून धाव घेतली आणि दोन दिवस तिला पाऊल टेकवेना.

“झालं समाधान?” टिटवी म्हणाली.

रविकेतू मात्र एवढंच म्हणाला, “येशील ना?”

“येईन,” ती म्हणाली. “सावकाश येईन.”

तिसऱ्या अमावास्येच्या दुपारी वनजानं मडक्यात राख पसरून विस्तव घेतला आणि पळतच डोंगर उतरू लागली. अर्ध्या वाटेवर मधले दीर ओलांडले, तोच तिची सावली पायांपासून सुटली. मांत्रिकाच्या आवाजात हसली आणि पुढे धावू लागली.

“सूर्य कलला, सूनबाई! तो मेला तरी तू गोगलगाय पोचायची नाहीस!”

वनजाचे पाय आपोआप उचलले गेले. वाऱ्यानं राख उडाली, निखारे भडकले. असे भडकले तर कोसभरात जळून राख होणार. श्वास तुटू लागला. पोटऱ्या जड झाल्या, जणू आतून दगडच चढत होता.

“बोल!” वरून टिटवी ओरडली.

“बो... बोलते.”

“पुरतं बोल!”

वनजानं पावलं आखडली. सावली टेकडीआड गेली तरी तिनं तिकडं पाहिलं नाही. “काल आत्याबाईंनी,” ती म्हणाली, “थोरल्या भावजींच्या उघड्या तोंडात... चिमणीचं घरटं पाहिलं, आणि... मलाच विचारलं, तू ठेवलंस का?” वाक्य पुरं झालं. निखारे पुन्हा राखेत निवले. एकेक शेत मागे पडत गेलं.

सूर्य टेकायच्या बेतात असताना ती वाड्यासमोर आली. सावली पायरीशी पसरली होती, धापा टाकत, शब्दाविना. पायांचे ठोके चालू ठेवूनच वनजा उंबरठ्याशी म्हणाली, “अग्निदेवा, आत या.”

चुली एकदम पेटल्या. आत रविकेतूनं लांब श्वास घेतला. वाटेवरचे मधले दीर हात झटकत उठले. थोरल्यांनी आधी चिमणीचं घरटं अलगद काढलं, मग तोंड मिटलं. सावली निमूटपणे येऊन वनजाच्या पायांना लागली.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी. वनजाला धाप लागली नव्हती. तिनं मडकं पुढं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“आत्याबाई, सावली दमली आहे. तिला वाट द्या, मी मागोमाग आलेच.”