तुपाचे डाग

"मास्तर, इतक्या पुस्तकांतलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?"

उल्हासनं हे विचारलं तेव्हा तो शांतवन मास्तरांच्या पडवीत बसून पुस्तकांना कव्हरं घालत होता. डिसेंबरातली साधी सकाळ. उन्हात वाळवणासारखी पुस्तकं पसरलेली.

नाताळ जवळ आला की तो दरवर्षी यायचा आणि मास्तरांची पुस्तकं झाडून, डकवून लावून द्यायचा. वाचनाची गोडी त्याला शाळेत मास्तरांनीच लावली होती. आता तो कॉलेजात शिकवत होता, पुस्तकांवर व्याख्यानं देत होता. वाचलेलं तो कधी विसरत नसे, आणि हे इतरांनाही विसरू देत नसे.

मास्तरांनी ढिगातून एक पुस्तक ओढलं.

"हे."

उल्हासचा चेहरा पडला. रहस्यकथा. मोत्यांचा कंठा चोरीला जातो, त्याची.

"हे? मला वाटलं होतं, काहीतरी..."

"काहीतरी काय?"

"मोठं."

"जाड आहे की."

उल्हास हसला. "बरं, शेवट तरी चांगला आहे?"

"काय ठाऊक. अजून पोचलो नाही तिथवर."

"मास्तर! मी शाळेत होतो तेव्हापासून हे तुमच्याकडे आहे!"

"नाताळातच वाचतो आम्ही. घरची सगळी करंज्या भरायला बसली की मी मोठ्यानं वाचायचं. थोडं पुढं गेलं की राहेल म्हणते, दादा, मागचं काही आठवत नाही रे, जरा मागून घे. मग मागून."

राहेल ही मास्तरांची धाकटी बहीण. राहायची जालन्याला. मुलंबाळं घेऊन नाताळाला न चुकता यायची.

"राहेलआत्यांची स्मरणशक्ती इतकी कच्ची?"

"चर्चमधलं अख्खं गीतांचं पुस्तक तोंडपाठ आहे तिला."

उल्हासला काही उलगडलं नाही. तो पानं चाळत होता. पानापानावर तेलकट बोटं उमटलेली. एके ठिकाणी तर अंगठ्याची रेघन् रेघ.

"आणि ही दशा कुणी केली?"

"तिनंच. मी चहाला थांबलो की तिला दम निघत नाही. तुपाच्या हातानं पान उलटते. तिचा संशय डॉक्टरावर आहे. माझा दिवाणजीवर." मास्तर उठले. "गेल्या वर्षी अगदी शेवटाशी आलो होतो... चहा घेशील ना?"

मास्तर आत गेले. उल्हासनं पुस्तकाकडं पाहिलं. गुरूचं सगळ्यात आवडतं पुस्तक, आणि असं?

त्यानं इस्त्री तापवली. डागांवर टिपकागद ठेवून वरून हलक्या हातानं फिरवत राहिला. कागद तूप पिऊ लागला. पडवीभर खमंग वास सुटला. पान उलटायचं, कागद बदलायचा, इस्त्री फिरवायची. मास्तरांच्या चहाला नेहमीच वेळ लागायचा. हात चालू असताना त्यानं सवयीनं शेवटचं पान वाचूनही टाकलं.

मास्तर कप घेऊन दारात आले तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, चोर कोण ते सांगू?"

"खबरदार!" कपातला चहा हिंदकळला. "राहेल येऊ दे."

आत फोन वाजला.

मास्तर कप ठेवून गेले.

ते परत आले ते भिंतीला धरून.

"जालन्याहून होता... राहेल गेली. सकाळी, गीत म्हणता म्हणता."

उल्हासनं इस्त्री बंद केली. त्याच्या हाताशी वापरलेल्या टिपकागदांचा चुरगळा पडला होता.

मास्तरांनी पुस्तक उचललं. पान उघडलं. दुसरं उघडलं. मग पुस्तक नाकाशी नेलं...

"छान निघालेत रे डाग," ते म्हणाले.

उल्हासला मान वर करता येईना.

"मास्तर, मी... मला..."

"जालन्याची गाडी किती वाजता आहे, बघ."

नाताळाला सगळी आली. राहेलची मुलगी सुवार्ता आईची पितळी परात घेऊन आली. मास्तरांनी उल्हासलाही बोलावलं होतं. परातीभोवती सगळी बसली. नुसता लाटण्याचा आवाज.

मास्तरांनी ते पुस्तक काढलं आणि गेल्या वर्षी थांबलेल्या पानावर उघडून उल्हाससमोर धरलं.

"तू वाच."

उल्हास करंज्या मुडपत होता. कोपरापर्यंत पीठ आणि तूप. तो घाईनं उठला.

"हात धुऊन येतो."

"धुऊ नकोस."

"मास्तर, पानं..."

"धुऊ नकोस म्हटलं ना."

तो बसला. तुपाच्या हातांनी त्यानं पुस्तक धरलं. पहिलंच पान उलटताना कोपऱ्यावर त्याचा अंगठा उमटला.

हळूहळू बैठक सैलावली.

"डॉक्टरच," सुवार्ता म्हणाली. "आई म्हणायचीच."

"तुझ्या आईला सगळेच डॉक्टर चोर वाटायचे," मास्तर म्हणाले. "लहानपणी सुई टोचली होती ना एकानं."

"आणि मामा, तुम्हाला दिवाणजी का वाटतो?"

"तिला डॉक्टर वाटतो म्हणून."

हसताना सुवार्तानं डोळ्यांना पदर लावला.

उल्हास वाचत राहिला. उजव्या बाजूची पानं पातळ होत गेली. शेवटचं पान उरलं तेव्हा लाटणं थांबलं. सगळे त्याच्या तोंडाकडं पाहू लागले. पुढं काय आहे, ते त्या घरात एकट्या त्यालाच माहीत होतं.

तो थांबला.

"काय झालं?" सुवार्तानं विचारलं.

उल्हासनं पान उलटलं नाही. आपल्याच अंगठ्याच्या डागाकडं तो पाहत होता.

"मास्तर... मागचं मला काही नीट आठवत नाही." तो म्हणाला. "जरा मागून घेऊ का?"



मास्तरांनी परात आपल्याकडं ओढली आणि एक पारी हातावर घेतली.

"घे. चोर कोण, ते राहेलला कळायचं राहिलं. आपलंही राहू दे."