राहिलेली बट्टी

“मग तो मेलेला मित्र परत कसा येतो?” भन्ते धम्मसारांनी विचारलं.

“स्वप्नात,” प्रज्ञेश म्हणाला.

टेकडीवरच्या विहाराच्या ओसरीवर बसून भन्ते आपलं फाटलेलं चीवर शिवत होते. प्रज्ञेशनं टाइप केलेली कादंबरी त्यांच्या समोर ठेवली होती. शेजारी पेढ्यांचा पुडा.

“पेढे आणायचे तर बाराच्या आत यावं रे. दुपारनंतर आम्हा भिक्खूंना खाणं नाही. आता मला नुसता वास घ्यायचा.”

प्रज्ञेशला हसू आलं नाही. दिवाळीपासून तो हे एकच लिहीत होता. मुलांसाठीची कादंबरी. तिच्यात एक मुलगा मरतो आणि त्याची मैत्रीण मागे उरते.

“आपल्याकडे मुलांना मरणाबद्दल सरसकट खोटं सांगतात, भन्ते. देवाघरी गेला. तारा झाला. मी ठरवलं होतं, माझ्या पुस्तकात एकही तारा नसेल.”

“आणि स्वप्न चाललं?”

“म्हणूनच आलोय,” प्रज्ञेश म्हणाला.

त्यानं सावीबद्दल सांगितलं. सावी त्याची पुतणी, चौथीतली. शेजारचा फैजान तिचा मित्र. दिवाळीच्या सुट्टीत फैजानला ताप आला, आणि तापातच तो गेला. घरातल्या सगळ्यांनी सावीला जवळ घेतलं. ती कुणाशी काही बोलली नाही. फक्त काकाला एकदा म्हणाली, आमची त्या दिवशी कट्टी होती.

तिनं फैजानला करंगळी दाखवली होती. दोन बोटं जोडून बट्टी करायची राहून गेली.

तेवढ्या एका वाक्यावर प्रज्ञेश लिहायला बसला. एकेक प्रकरण झालं की सावीला वाचून दाखवायचा. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकायची. काल त्यानं शेवटचं प्रकरण वाचलं. मित्र स्वप्नात येतो, दोन बोटं पुढे करतो, बट्टी होते.

“काय म्हणाली?”

“स्वप्नातली बोटं हाताला लागत नाहीत, म्हणाली. खोटारडा आहेस, म्हणाली. मग मला करंगळी दाखवली.”

भन्ते हसले.

“हसू नका, भन्ते. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. घरात तेवढी एका माझ्याशी बोलायची, तेही बंद झालं. मला खरा शेवट सांगा. नाहीतर मी हे सगळं फाडून टाकतो.”

“फाडू नको. शिवायचं इथे आधीच पुष्कळ आहे.”

प्रज्ञेश उठला. ओसरीवर येरझारा घालू लागला.

“मी सगळं करून पाहिलं. ती कबरीपाशी जाते, असं लिहिलं. फुगा सोडते, असं लिहिलं. तिला दुसरा मित्र मिळतो, तेही लिहिलं. सगळं खोटं वाटतं. कट्टी एकट्याला करता येते. बट्टीला दोघं लागतात. आणि दुसरा नाहीच. मग त्या पोरीनं करायचं काय? तुमच्या त्रिपिटकात आहे का कुठे याचं उत्तर?”

“नाही,” भन्ते म्हणाले.

दोरा संपत आला होता. त्यांनी तो दातानं तोडला.

“भांडण कशावरून झालं होतं?”

“पतंगावरून. तिसऱ्या प्रकरणात आहे. तो तिला न विचारता तिचा मांजा घेतो, मग ती...”

“पुस्तकातलं नाही.”

प्रज्ञेश थांबला.

“म्हणजे सावीचं?”

भन्ते सुईत नवा दोरा ओवू पाहत होते. दोरा दोनदा चुकला.

“ते... विचारलं नाही मी. तिला त्रास झाला असता. आणि कशावरून झालं याला तसं महत्त्व नाही, भन्ते. प्रश्न मृत्यूचा आहे. मुलांची भांडणं काय, कशावरूनही...”

पुस्तकातला पतंग प्रज्ञेशचा स्वतःचा होता. त्याच्या लहानपणचा. मांजाही. सावीला पतंग उडवता येतो की नाही, हेही त्याला आठवेना.

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज बराच वेळ टेकडीवर येत राहिला.

“माझ्याकडे बघ,” भन्ते म्हणाले.

प्रज्ञेशनं पाहिलं. भन्तेंनी सुई खाली ठेवली होती आणि त्याच्यासमोर करंगळी धरली होती. सत्तरी ओलांडलेला तो भिक्खू, चेहरा अगदी गंभीर.

“तिला विचारून येत नाहीस तोवर माझीही कट्टी.”

प्रज्ञेशनं कागद गोळा केले. खूप घाईनं. चपला घालून तो पायऱ्या उतरू लागला आणि मध्येच वळला.

“आणि तिनं सांगितलं तर? मी काय म्हणू तिला? तुझं काही चुकलं नव्हतं, असं?”

भन्तेंनी चीवर पुन्हा मांडीवर ओढलं.

“ते घरात कोण कोण म्हणतं?”

“सगळेच. आई, वहिनी, दादा... फैजानची अम्मीसुद्धा.”

“ऐकून ती काय करते?”

“उठून जाते.”

“बट्टीला दोघं लागतात म्हणालास ना? मग तू फैजानच्या बाजूनं भांड.”