झाकणावरचं नाव

आमच्या गावात बाक असो, बसथांबा असो की स्मशानातली शेड, पाटी एकच: 'नगराध्यक्ष बापूसाहेब ढमाले यांच्या विशेष प्रयत्नातून'. इथला माणूस सरणावर चढतो तोही बापूसाहेबांचे उपकार वाचूनच.

एकदा एका सेप्टिक टँकचं पाणी शेजारच्या विहिरीत झिरपलं आणि अर्धी आळी आजारी पडली. तेव्हा नगरपालिकेने ठरवलं, की टाक्या बांधणाऱ्यांनी आणि साफ करणाऱ्यांनी परीक्षा देऊनच परवाना घ्यायचा. ती टाकी बांधणारे गृहस्थ अर्थातच बापूसाहेबांचे मेहुणे.

दुसऱ्याच दिवशी बापूसाहेब मेहुण्याला घेऊन आरोग्य अधिकारी शाहीन मुजावर यांच्यासमोर बसले.

"मॅडम, आमच्या पाहुण्यांची परीक्षा कसली घेता? जन्म गेलाय त्यांचा या धंद्यात. माझी शिफारस आहे, परवाना देऊन टाका."

"देते की, साहेब," मुजावर मॅडम म्हणाल्या. "तुमच्या शब्दापुढे परीक्षा ती काय! फक्त हे बांधतील त्या प्रत्येक टाकीच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहू: 'बापूसाहेब ढमाले यांच्या विशेष शिफारशीने'. उद्या टाकी तुंबून अंगणात वाहू लागली, तर आठवण कोणाची काढायची हे लोकांना शोधत बसायला नको."

बापूसाहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. इतकं नीट बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, नियम तो नियम. परीक्षा घ्या. कडक घ्या!"

परीक्षा झाली. मेहुणे नापास झाले. हॉलच्या दारावर मात्र सकाळपासूनच पाटी झळकत होती: 'कडक परीक्षा. नगराध्यक्ष बापूसाहेब ढमाले यांच्या विशेष प्रयत्नातून'.