आपापला कोपरा

एकदा एका अंतिम सामन्यात एक क्षुल्लकशी चूक घडली. मुलींच्या मुष्टियुद्धाच्या राज्य अजिंक्यपदाची लढत चालू होती. दुसरी फेरी संपल्याची घंटा झाली, आणि निळ्या कोपऱ्याची मुलगी स्वतःच्या कोपऱ्यात जायचं सोडून तांबड्या कोपऱ्याकडे चालत आली. तिथल्या स्टुलावर टेकायलाही लागली.

प्रेक्षक खदखदून हसले. "अगं, माहेर विसरलीस काय!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. "बसू द्या हो, पाहुणी आहे," दुसऱ्याने भर घातली. रेफरीलाही हसू आवरलं नाही. त्याने तिला खांद्याला धरून वळवलं आणि तिच्या कोपऱ्याकडे लावून दिलं.

तांबड्या कोपऱ्याची मुलगी मात्र दचकली. तशी ती कशालाही दचके. भांडं पडलं तरी, घंटा वाजली तरी. मुष्टियोद्ध्याला न शोभणारा हा स्वभाव तिने मोठ्या कष्टाने झाकून ठेवला होता.

"अण्णा, ती आपल्याकडे का आली?" तिने आपल्या वृद्ध गुरूंना विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"दमली असेल. गोंधळली असेल." तिने पाण्याचा घोट घेतला. "पण अण्णा, आत्तापर्यंत बरोबरीच आहे ना? एवढी एक फेरी मारली की किताब आपला."

गुरू त्या दुसऱ्या मुलीच्या पावलांकडे पाहत होते.

त्यांचं हे असं भलतीकडेच पाहणं शिष्येला नवं नव्हतं. जगातल्या थोर थोर किताबी लढतींची चित्रणं तिने वेड लागल्यासारखी जमवली होती. कुणी सुजलेल्या, मिटल्या डोळ्याने लढून अजिंक्यपद घेतलेलं. कुणी दोनदा जमिनीवर पडून तिसऱ्यांदा उठलेला. कुणी असा, की सामन्याआधी त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. गुरू तिच्यासोबत बसून सगळं आवडीने पाहत. पण शेवटी विजेत्याचा हात उंचावला जाई, आणि नेमक्या त्याच क्षणी गुरू पुढे होऊन पडद्यावरच्या विजेत्यावर आपला तळवा ठेवत.

"हात काढा ना, अण्णा! आत्ताच तर बघायचं असतं!"

"थांब. लढत अजून संपलेली नाही."

"संपली की! निकाल लागला!"

"निकाल लागला," गुरू म्हणत, आणि तळवा तसाच ठेवत.

जिंकलेल्याला दृष्ट लागू नये म्हणून अण्णा झाकतात, अशी थट्टा ती मैत्रिणींत करी. पण एकटी असली की तिला राहून राहून वाटे, हे नेमकं पाहतात तरी काय? आणि सगळ्यांत महान लढत कोणती, या तिच्या प्रश्नाला ते एकदाही सरळ उत्तर का देत नाहीत?

तिसऱ्या फेरीची घंटा झाली. शिष्या सवयीप्रमाणे दचकली. समोरच्या मुलीची पापणीही हलली नाही. तिचा डावा हात हनुवटीखाली घसरत होता. ती तो वर घेई, पुन्हा घसरे. एक ठोसा लागला तरी तिने अंग चोरलं नाही. मग तो हात पार खाली आला. हनुवटी उघडी पडली. आता एकच ठोसा. शिष्येचा उजवा हात मागे गेला.

तेवढ्यात तिच्या पायांपाशी काहीतरी पांढरं येऊन पडलं. टॉवेल. हार कबूल असल्याची खूण. आणि तो आला होता तिच्याच कोपऱ्यातून!

"काका, चुकून पडला का हो?" रेफरीने विचारलं.

"टाकला," गुरू म्हणाले.

रेफरीने नाइलाजाने निळ्या कोपऱ्याच्या मुलीचा हात उंचावला. गॅलरीत एकच कल्लोळ झाला. "म्हातारा विकला गेला!"

शिष्या दोरांपाशी धावली. "मी जिंकत होते, अण्णा! दुसऱ्यांना जिंकताना कधी बघू दिलं नाहीत. आज मलाही जिंकू दिलं नाहीत!"

गुरू म्हणाले, "बाळ, जिंकणारा जगाला दिसतोच. म्हणून मी त्याच्यावर हात ठेवतो. हरलेला आपल्या कोपऱ्याकडे कसा चालत जातो, ते मला पाहायचं असतं. सगळ्यांत महान लढत कोणती, विचारत होतीस ना? जी संपल्यावर दोघंही आपापला कोपरा ओळखून परत जातात, ती. बाकीच्या नुसत्या जिंकलेल्या. ही पोर आपला कोपरा विसरली होती. सगळे हसले, तू एकटी दचकलीस. मी तेव्हाच टॉवेल टाकायला हवा होता. पण किताबाचा मोह मलाही झाला. तेवढा उशीर माझा."

शिष्येने मागे वळून पाहिलं. रेफरीने हात सोडताच तो विजयी हात लोंबला, आणि त्यापाठोपाठ ती मुलगीच गुडघ्यांत दुमडली.

डॉक्टर आत धावले. स्ट्रेचर मागवलं गेलं. पदकाचं तबक घेऊन निघालेल्या बाई पायरीवरच थबकल्या. शिष्या त्या पडलेल्या मुलीच्या उशाशी जाऊन बसली.

"ए! ए निळी! ऐकतेस का?"

काहीच नाही. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की महिनाभर जिला हरवायचे डाव आखले, तिला आपण नुसतं 'निळी' म्हणत होतो.

"हिचं नाव काय हो?" तिने वर पाहून विचारलं.

"कस्तुरी," निळ्या कोपऱ्यातले प्रशिक्षक म्हणाले.

"कस्तुरी!"

डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड एका डोळ्यात टाकला, मग दुसऱ्या. शिष्येने दातांनी आपल्या ग्लोव्हची पट्टी सोडली, हात मोकळा केला, कस्तुरीचाही ग्लोव्ह उतरवला आणि तिचा तळवा आपल्या तळव्यात घेतला. थंड होता.

"कस्तुरी, घाबरू नकोस. तुझा कोपरा निळा आहे. तो बघ, इकडे. कस्तुरी!"

तळव्यातली बोटं किंचित हलली. ओठ सुटले. शिष्या खाली वाकली.

आणि कस्तुरीने ओ दिली.